विद्यापीठाच्या इमारतीतल्या दिशादर्शक पाट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरचं विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं. १ ऑगस्ट २००४ रोजी ते सुरू झालं, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. अशा विद्यापीठाच्या किंवा मोठ्या कॉलेजच्या इमारतीत येणारा माणूस बहुधा वर्षातून एखाद्या वेळीच येतो. करमाळ्याहून, सांगोल्याहून, अक्कलकोटहून एसटीने यायचं, मायग्रेशन किंवा मार्कमेमोचं काम उरकायचं आणि दुपारची गाडी धरायची. त्यातल्या कुणाला कमी दिसतं, कुणी व्हीलचेअरवर असतं, कुणाला ऐकू येत नाही, तर कुणाबरोबर गुडघे दुखणारी आई असते. इमारतीतल्या पाट्यांचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं ते बांधकाम विभागातले लोक, प्राचार्य, वास्तुविशारद आणि पाट्या करून देणारे दुकानदार नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं आहेत.

कामाला सुरुवात कुठून करायची? डिझाइन आधी की यादी आधी?

दोन्हीच्या आधी मामांकडे जा. गेटवरचे वॉचमन आणि व्हरांड्यात स्टुलावर बसलेले शिपाईमामा दिवसभर ‘मामा, परीक्षा विभाग कुठंय?’ हे ऐकत असतात. लोक काय विचारतात आणि नेमके कुठे उभे राहून विचारतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. जिथे माणूस थबकतो आणि इकडे-तिकडे बघतो, ती पाटीची जागा. त्यात मुख्य दार, जिन्याचा पायथा, लिफ्टसमोरची मोकळी जागा आणि व्हरांड्याला फाटा फुटतो ते कोपरे येतात. तो थबकत नाही तिथे पाटीची गरजही नसते. उगाच लावलेली प्रत्येक पाटी शेजारच्या कामाच्या पाटीवरचं लक्ष खाते.

नंतर एक वाट धरून चाला: एसटी किंवा रिक्षा थांबते तिथून गेट, गेटपासून इमारत, इमारतीपासून खिडकी. हीच वाट पुन्हा फक्त रॅम्प आणि लिफ्टने पुरी करता येते का बघा. कुठे अडली, तर आधी ती दुरुस्त करून घ्या. जिथे पोहोचताच येत नाही तिकडे बाण दाखवणारी पाटी लावण्यात काय अर्थ?

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, नियम न पाळणाऱ्या बांधकामाला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ आहे: नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ‘इमारत जुनी आहे हो’ ही सबब आता चालत नाही. उल्लंघनाला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. प्रवेश दिला आणि वर्ग सापडला नाही, हे जुळत नाही.

तांत्रिक मापांसाठी केंद्रीय गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाची २०२१ ची सुसंवादी मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता हाताशी ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगानेही उच्च शिक्षण संस्थांसाठी २०२२ मध्ये वेगळी तत्त्वं काढली. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांमधला नियम १५(१) रद्दबातल ठरवला. सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे किमान नियम वेगळे काढा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं. त्यामुळे निविदा काढताना त्या वेळी लागू असलेली आवृत्ती तपासूनच मापं टाका.

ब्रेल पाटी लावली की झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही लांब.

आधी जागेचं बघू. ज्याला दिसत नाही तो पाटी शोधायला भिंतभर हात फिरवत नाही. पाटी ठरलेल्या जागीच असेल तरच तो तिथे हात नेतो. म्हणून खोलीची ब्रेल पाटी दारावर लावू नका, दाराशेजारच्या भिंतीवर, कडी-कुलुपाच्या बाजूला लावा. दारावर लावलेली पाटी दार उघडं असलं की आत वळते, आणि वाचता वाचता आतून कुणी दार उघडलं तर थेट तोंडावर. उंचीसाठी अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे उठावाची अक्षरं जमिनीपासून साधारण १२२० ते १५२५ मिमीच्या पट्ट्यात येतात. आपल्याकडेही याच्या आसपासची उंची धरली तर उभ्या माणसाचा आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात पोहोचतो. मात्र इमारतीतल्या सगळ्या पाट्यांना एकच उंची हवी. तळमजल्यावर एक आणि वरच्या मजल्यावर दुसरी असेल, तर एकही नसल्यासारखंच.

पाटीखाली कपाट नको, कुंडी नको, पाण्याचा जार नको. कार्यालयात जागा संपली की गोदरेजचं कपाट बाहेर व्हरांड्यात येतं, आणि ते बरोबर त्या पाटीला टेकूनच उभं राहतं.

आता ब्रेल. मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात. ती डावीकडून उजवीकडे वाचतात आणि तिच्यातला क्रम छापील देवनागरीपेक्षा वेगळा असतो. ‘वि’ लिहिताना छपाईत वेलांटी ‘व’च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती ‘व’नंतर येते. जोडाक्षराची खूण मात्र अक्षरांच्या आधी पडते. ‘परीक्षा’मधल्या ‘क्ष’ला तर स्वतःचा वेगळा ठिपकेसंच आहे. म्हणून छापील अक्षरं बघून एकेक ठिपका बसवत गेलं की मजकूर चुकतो. अंक मराठी आणि इंग्रजी दोन्ही ब्रेलमध्ये सारखेच असतात, तेवढं एक काम सोपं.

उंचवटा खरा असावा. व्हाइनलवर सपाट छापलेले ठिपके सर्रास दिसतात. त्यांचा उपयोग फक्त उद्घाटनाच्या फोटोपुरता. पाटी उलटी बसवल्याचेही प्रकार घडतात, कारण बसवणाऱ्याला वरची बाजू कुठली ते कळत नाही. मागच्या बाजूला मार्करने ‘वर’ लिहून बाण काढा. आणि स्क्रू मारण्याआधी ब्रेल वाचणाऱ्या माणसाला ती पाटी वाचून बघू द्या. त्याच्या वेळेचं मानधन अंदाजपत्रकातच धरा.

ब्रेलने सगळ्यांचं काम भागत नाही, हेही ध्यानात घ्या. मोठेपणी मोतीबिंदूने, काचबिंदूने किंवा मधुमेहाने दृष्टी गेलेले बरेच जण ब्रेल शिकलेले नसतात. त्यांना उठावाचा खोली क्रमांक बोटाने ओळखता येतो. हा उठाव निदान एक मिलिमीटर हवा, म्हणजे एका सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) साधारण तिसरा हिस्सा. फॅब्रिकेटरला सुताच्या भाषेत सांगितलं की लगेच समजतं.

अक्षर केवढं ठेवायचं?

किती लांबून वाचायचंय, त्यावर ठरतं. ढोबळ हिशेब असा की सहा मीटरवरून वाचायला २० मिमी आणि पंधरा मीटरवरून वाचायला ५० मिमी अक्षर लागतं. कमी दिसणाऱ्याला ध्यानात घेऊन यापेक्षा मोठंच धरा. देवनागरीत हे माप शिरोरेषेपासून ‘प’च्या काठीच्या टोकापर्यंत घ्यायचं, वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यात मोजायचा नाही. इंग्रजीच्या हिशेबाने ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ‘कुलगुरू’खाली ‘वैद्यकीय’ अशा दोन ओळी लिहून बघा.

फॉन्ट कोणता घ्यायचा?

साधा, एकसारख्या जाडीचा, आतल्या पोकळ्या मोकळ्या असलेला. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट मिळतात आणि पाटीवर चांगले वाचता येतात. सुलेखनी, सावली दिलेले किंवा कडा काढलेले फॉन्ट स्नेहसंमेलनाच्या बॅनरला ठेवा.

खरा घोळ दुकानात होतो. तुम्ही मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवता. दुकानदाराकडे जुन्या पद्धतीचा फॉन्ट असतो. मजकूर तिकडे चिकटवला की वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं सुटतात. जिन्याजवळच्या पाटीवरचा ‘पायऱ्या’ हा शब्द तर हमखास बिघडतो. त्यातला तो आडवा अर्धा ‘र’ नीट उमटला तर ठीक, नाहीतर ‘य’च्या डोक्यावर रफार चढतो किंवा मध्येच पाय मोडलेला ‘र्’ उभा राहतो. म्हणून मजकूर स्वतः योग्य फॉन्टमध्ये जुळवा, अक्षरांचे आकार (आउटलाइन) करून पीडीएफ पाठवा आणि कापायला देण्याआधी छापील प्रूफवर सही करा. ‘पायऱ्या’, ‘ग्रंथालय’, ‘स्वच्छतागृह’, ‘कुलसचिव’ हे चार शब्द बरोबर आले की बाकीचे बहुतेक येतात.

रंग कोणते?

फिकट भिंतीवर गडद पाटी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं. निळी, गर्द हिरवी किंवा काळपट राखाडी, जी आवडेल ती घ्या, पण पूर्ण इमारतीत एकच. लाल पाटीवर हिरवी अक्षरं किंवा उलट, हे टाळा. लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त असतात. ‘निळ्या पट्ट्याने जा’ असं सांगायचं असेल तर पट्ट्यावर नाव किंवा आकडाही लिहा.

चकचकीत स्टीलच्या पाट्यांचा मोह आवरा. कोरलेल्या अक्षरांची आणि पाटीची चमक सारखीच, त्यात समोरच्या खिडकीतला उजेड पडला की धडधाकट डोळ्यालाही फक्त आपलं तोंड दिसतं. साहेबांच्या केबिनला हवी तर लावा. लोकांच्या वाटेवर मॅट फिनिश.

सोलापूरच्या उन्हाचा काही वेगळा विचार करावा लागतो का?

लागतो, आणि दोन बाजूंनी. पहिली बाजू टिकाऊपणाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो, आणि बाहेरच्या फलकावरचा लाल-पिवळा रंग सगळ्यात आधी उडतो. फ्लेक्स तर एखाद-दुसऱ्या उन्हाळ्यात चुरगळतो. बाहेर ॲल्युमिनियम किंवा चांगल्या प्रतीचं एसीपी (मध्ये प्लास्टिक असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा) आणि त्यावर उन्हात टिकणारं व्हाइनल घ्या. रस्त्याकडेच्या फलकाला ज्याला सगळे ‘रेडियम’ म्हणतात ते परावर्तक व्हाइनल ठीक. व्हरांड्यात ते नको, ट्यूबलाइटखाली झळाळतं.

दुसरी बाजू डोळ्यांची, आणि ती कुणी धरतच नाही. भर दुपारी पटांगणातून आत आलेल्या माणसाला काही क्षण अंधारीच येते. मोतीबिंदू असलेल्याला किंवा उतारवयातल्या माणसाला ती जास्त वेळ राहते. दाराच्या चौकटीलाच चिकटवलेली पहिली पाटी त्याला दिसणारच नाही. ती काही पावलं आत, वेगळ्या दिव्याखाली हवी, आणि तिथे बाजूला थांबायला जागा हवी, म्हणजे मागची रांग अंगावर येत नाही.

किती भाषांत लिहायचं? आपल्याकडे कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारेही भरपूर आहेत.

पाटीवर मराठी आणि इंग्रजी, मराठी वर. जोडीला चित्रखूण. पाचही भाषा एका पाटीवर बसवल्या की अक्षरं मुंगीएवढी होतात, मग ती कुणालाच वाचता येत नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात तेलुगू बोलणारा किंवा अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा विद्यार्थी मराठी पाटी वाचतोच. त्याच्या आजोबांसाठी चौकशी खिडकीवर त्या भाषांतला मोठ्या अक्षरांचा नकाशा ठेवा, आणि खिडकीत त्या भाषा बोलणारं कुणी असेल तर तसं लिहा.

विभागाचं पूर्ण अधिकृत नाव लिहायचं की लोक म्हणतात ते?

लोक म्हणतात ते मोठं. ‘संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ’ हे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमातलं पद आहे, ते दारावर बारीक अक्षरांत येऊ द्या. बाणाच्या पाटीवर ‘परीक्षा विभाग’ पुरे. लोक कामाच्या नावानेही शोधतात, म्हणून खिडकीवर ‘मार्कमेमो’, ‘पदवी प्रमाणपत्र’, ‘मायग्रेशन’ असं स्पष्ट लिहा. आणि एकदा धरलेलं नाव सोडू नका: बाहेर ‘ग्रंथालय’, आत ‘वाचनालय’, नकाशावर ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असं दिसलं की नवखा माणूस तीन इमारती शोधत फिरतो.

‘नवीन बिल्डिंग’ हे नावही देऊ नका. पंधरा वर्षांनी ती तिसरी जुनी असते आणि नाव तेच राहतं.

खोली क्रमांक मराठी अंकांत की इंग्रजी?

हॉलतिकिटावर आणि वेळापत्रकावर जे छापता, तेच दारावर. परीक्षेच्या सकाळी घाईत असलेल्या मुलाला दोन लिप्यांतले आकडे जुळवायला लावू नका. क्रमांकाचा पहिला आकडा मजला सांगणारा असावा आणि दोन विंगांत एकच क्रमांक पुन्हा येऊ नये. तळमजल्याला शून्य म्हणायचं की ‘जी’, ते लिफ्टच्या बटणांवर बघा आणि तेच सगळीकडे ठेवा.

बाण कसे दाखवायचे?

डावीकडचा बाण मजकुराच्या डाव्या टोकाला, उजवीकडचा उजव्या टोकाला. वर टोक असलेला बाण म्हणजे ‘सरळ पुढे’. तोच जिन्यासाठीही वापरला की माणूस नको तेव्हा मजला चढतो. वर जायचं असेल तर जिन्याची चित्रखूण आणि मजल्याचा आकडा द्या. लटकती पाटी सात फुटांच्या खाली येऊ देऊ नका, आणि भिंतीतून बाहेर आलेली पाटी पांढऱ्या काठीला लागत नाही, थेट कपाळाला लागते.

रॅम्प आणि दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाची पाटी कुठे?

रॅम्पची पाटी पायऱ्यांच्या समोर. रॅम्प बहुधा इमारतीच्या बगलेला असतो आणि व्हीलचेअरवरचा माणूस पायऱ्यांपाशी येऊन अडतो, तेव्हा बाण तिथे हवा. व्हीलचेअरची ती ओळखीची खूण डेन्मार्कच्या सुझान केफोएड या विद्यार्थिनीने १९६८ मध्ये काढलेल्या चित्रावरून आली. ती जिथे लावाल तिथे वाट खरोखर मोकळी असली पाहिजे. रॅम्पवर मोटारसायकली, स्वच्छतागृहाला कुलूप आणि चावी तिसऱ्या मजल्यावरच्या क्लार्ककडे, अशी परिस्थिती असेल तर ती पाटी खोटं बोलते. कुलूप काढणं जमत नसेल तर निदान चावी कुठे मिळेल ते पाटीवरच लिहा. पण कुलूप काढाच.

पिवळ्या टाइल्स लावायच्या का?

लावायच्या, पण समजून. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये या टाइल्स तयार केल्या, आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्यांची टाइल म्हणजे ‘चालत राहा’. गोल ठिपक्यांची म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. गवंड्याला हा फरक सांगितला नाही तर तो रांगोळी घातल्यासारख्या दोन्ही मिसळतो. ठिपक्यांच्या टाइल्स जिन्याच्या आधी, रॅम्पच्या दोन्ही टोकांना आणि लिफ्टसमोर. पट्ट्यांची वाट गेटपासून चौकशी खिडकीपर्यंत तरी पोहोचावी. खांबाला जाऊन धडकणारी वाट नसलेली बरी.

‘तुम्ही इथे आहात’ नकाशा हवा का?

मोठ्या इमारतीत हवा. एकच अट: नकाशा वाचणारा ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, ती दिशा नकाशात वरच्या बाजूला. एकच नकाशा छापून चारही भिंतींवर चिकटवला की तीन ठिकाणी तो दिशाभूल करतो. मानसशास्त्रज्ञ मार्विन लेव्हिन यांनी १९८० च्या दशकात अशा फिरलेल्या नकाशांचा अभ्यास केला आणि लोक उलट दिशेला जातात, हे दाखवलं. हाताने वाचायचा उठावाचा नकाशा केला तर तो चौकशी खिडकीजवळ, थोडा कलता ठेवा.

क्यूआर कोड लावला तर एवढ्या पाट्यांची गरज उरेल का?

उरेल. ज्याला दिसत नाही त्याला कोड भिंतीवर कुठे आहे हेच कळत नाही, आणि रेंज नसली की तोही गेला. लावायचा तर ब्रेल पाटीच्या खाली, ठरलेल्या जागी, कडेने उठावाची चौकट करून. जोडीला म्हणून ठीक.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी पाट्यांत वेगळं काय?

ते मामांना विचारत बसू शकत नाहीत, म्हणून सगळी भिस्त लिहिलेल्यावर. रांगेत नाव पुकारण्याच्या जागी आकडा दाखवणारा फलक हवा. आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा हवा, स्वच्छतागृहातही. बाहेर पडायच्या वाटेला पळणाऱ्या माणसाची हिरवी आंतरराष्ट्रीय खूण वापरा. तिथे स्वतःची कल्पकता नको.

खर्च एकदम झेपणार नाही. आधी काय करायचं?

मुख्य वाट आधी: गेट, दार, चौकशी खिडकी, परीक्षा विभाग, लिफ्ट, रॅम्प, स्वच्छतागृह. मग जुन्या, चुकीच्या पाट्या काढा. याला खर्च जवळजवळ नाही आणि फरक लगेच दिसतो. भिंतीला रंग देण्याचं काम निघणार असेल तर पाट्या त्यानंतर लावा, नाहीतर रंगारी त्या काढतो आणि परत भलत्याच जागी ठोकतो.

लावल्यावर पुढे कोण बघणार?

पाट्यांची एक यादी करा: क्रमांक, जागा, मजकूर, फोटो. ती एका नेमलेल्या माणसाकडे द्या. विभाग हलला की त्याच दिवशी पाटी हलली पाहिजे, कागदावर प्रिंट काढून सेलोटेपने चिकटवणं आठवडाभरासाठीच. पाटीवर नोटिसा चिकटतात, म्हणून शेजारीच सूचना फलक द्या. कोपऱ्यातल्या पाट्यांवर पानाच्या पिचकाऱ्या येतात, तिथे पुसता येईल असाच पृष्ठभाग घ्या. ब्रेलच्या ठिपक्यांत धूळ बसते, ती मऊ ओल्या फडक्याने काढायची, घासणी लावायची नाही. तक्रारीसाठी एक तक्रार निवारण अधिकारी नेमा. त्यांचं पद, खोली क्रमांक आणि फोन मुख्य दाराजवळच्या पाटीवर लिहा. तिथे दाद लागली नाही तर पुढचा दरवाजा पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांचा.